पार्वतीची विचारपूस



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्या सरांनी आमच्या पिढीला बंगाली कादंबरीकार शरदबाबू वाचायला लावले. मामा वरेरकरांनी केलेले अनुवाद तेव्हा या वाचनालयाच्या कपाटात होते; हाताळून हाताळून कोपरे मऊ पडलेले. सर दिवसा शाळेत मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी फिल्म सोसायटी चालवायचे. एखाद्या कादंबरीवरचा सिनेमा पाहून आम्ही बाहेर पडलो, की अमुक प्रसंग गाळला, तमुक बदलला अशी तक्रार सुरू व्हायची. सर ती ऐकून घ्यायचे आणि एकच विचारायचे, ‘बदललं ते कोणाच्या बाजूनं बदललं?’ आज हाच प्रश्न हाताशी धरून मी अनुराग कश्यप यांच्या ‘देव डी’ या चित्रपटाबद्दल बोलणार आहे. 6 फेब्रुवारी 2009 ला तो प्रदर्शित झाला. शरदचंद्र चट्टोपाध्यायांच्या ‘देवदास’ला त्यानं पंजाबात आणि दिल्लीच्या पहाडगंजात आणलं. त्याच्या दारूबद्दल, ड्रग्जबद्दल, त्यातल्या धीट दृश्यांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. त्यात मी फार वेळ घालवणार नाही.

सुरुवात कादंबरीपासून करू या. ती छापली गेली 1917 साली, पण लिहून झाली होती त्याच्या बरीच वर्षं आधी, शरदबाबूंच्या तरुणपणी. छापायला ते फारसे राजी नव्हते. पुढे ‘श्रीकांत’सारखं मोठं काम त्यांच्या हातून झालं, पण लोकांनी उराशी धरला तो देवदास. जमीनदार मुखर्जींचा धाकटा मुलगा आणि शेजारच्या चक्रवर्तींची पार्वती. दोन्ही घरं ब्राह्मणांचीच, पण चक्रवर्तींच्या घराण्यात मुलीचे पैसे घ्यायची चाल, आणि त्यात शेजार. देवदासच्या घरचे नाक मुरडतात. मग एका मध्यरात्री तेरा वर्षांची पार्वती एकटी देवदासच्या खोलीत जाते आणि त्याच्या पायाशी थारा मागते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंगाली खेड्यातली ही मुलगी आहे, हे क्षणभर ध्यानात घ्या. आपल्या अब्रूचं काय होईल हे तिला पुरतं माहीत आहे आणि तरी ती चालत गेली आहे. संपूर्ण कादंबरीत एवढं धाडस दुसरं कुणी करत नाही. देवदास सकाळी वडिलांकडे विषय काढतो, बोलणी खातो, कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून तिला नकाराचं पत्र लिहितो. पुढे पस्तावून परत येतो, तेव्हा ती आपल्या मानानं ताठ उभी राहते. त्यावर तो काय करतो? हातातला गळाचा दांडा तिच्या कपाळावर मारतो. चंद्रालासुद्धा डाग असतो, तसा तुझ्याही रूपाला हवा, असं काहीसं बोलतो.

नंतरच्या कितीतरी वाचकांनी आणि प्रेक्षकांनी हा डाग प्रेमाची खूण म्हणून मनात जपला. 2002 साली संजय लीला भन्साळींच्या भव्य ‘देवदास’मध्ये तर हा घाव मोत्यांच्या हारानं घातला जातो, रक्तसुद्धा देखणं दिसतं. मला तो प्रसंग पाहवत नाही. नकार ऐकल्यावर मुलीच्या चेहऱ्याला इजा करणारी मुलं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, आणि पडद्यावर मात्र त्याच कृतीवर व्हायोलिन वाजतात.

पण कादंबरीतली जी जागा मला आज खरोखर तुमच्यासमोर ठेवायची आहे, ती शेवटच्या पानावर आहे. आजारानं आणि दारूनं पोखरलेला देवदास दिलेल्या शब्दाला जागून पार्वतीच्या सासरी, हातीपोत्याला पोचतो. रात्रभर वाड्यासमोरच्या झाडाखाली तडफडतो आणि मरतो. मेला तो कोण हे पार्वतीला कळतं तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. ती धावत सुटते, घरचे लोक तिला अडवतात, ती बेशुद्ध पडते. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर एका दासीला दोन शब्द विचारते आणि गप्प होते. यानंतर लेखक स्वतः वाचकांशी बोलतो. पार्वतीचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही, असं तो म्हणतो. तिची खबर घ्यावी असंही आपल्याला वाटत नाही, म्हणतो. दुःख होतं ते फक्त देवदासचं. आणि मग देवदाससाठी प्रार्थना करा, एक अश्रू ढाळा, अशी विनवणी करून तो कादंबरी संपवतो.

शरदबाबूंना बायकांच्या दुःखाचे भाष्यकार मानतात, आणि ते योग्यच आहे. तरीही त्यांच्या सर्वांत लोकप्रिय पुस्तकाच्या अखेरीस पार्वतीची विचारपूस करायची राहून गेली. गेल्या शतकभराचे ‘देवदास’ चित्रपट मी या एका नजरेनं पाहतो. कोणी तिची खबर घेतली?

1928 सालच्या मूकपटानंतर 1935 मध्ये न्यू थिएटर्सचा, प्रमथेश बरुआंचा ‘देवदास’ आला. बंगालीत बरुआ स्वतः, हिंदीत कुंदनलाल सैगल. तिकडे रेल्वेच्या डब्यात देवदास कोसळतो आणि त्याच क्षणी इकडे घरात पारो, म्हणजे पार्वती, अडखळते, अशी दृश्यांची जुळणी बरुआंनी केली. सिनेमाच्या भाषेत ही मोठी झेप होती. परंतु तिचा अर्थ असा, की पारोचं शरीरसुद्धा त्याच्याच दुःखाला जोडलेलं राहिलं. त्या हिंदी आवृत्तीचे छायालेखक होते बिमल रॉय. वीस वर्षांनी, 1955 साली, त्यांनी स्वतःचा ‘देवदास’ केला. दिलीपकुमार, सुचित्रा सेन, वैजयंतीमाला. संवाद राजिंदर सिंग बेदींचे, संगीत सचिनदेव बर्मन यांचं. या चित्रपटात एक प्रसंग आहे. देवदासवर जीव लावणारी कोठ्यावरची चंद्रमुखी रस्त्यानं पायी चालली आहे. समोरून पार्वतीची पालखी येते. दोघी एकमेकींकडे बघतात. ओळख नाही, शब्द नाही, पालखी पुढे निघून जाते. कादंबरीत या दोघी समोरासमोर येतच नाहीत. बिमलदांनी पदरचा घातलेला हा प्रसंग मला सबंध चित्रपटात श्रेष्ठ वाटतो, कारण त्या मिनिटाभरात देवदास हजर नाही, आणि तरी पडद्यावर दोन पुरी माणसं आहेत. वैजयंतीमालांना चंद्रमुखीच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक जाहीर झालं, तेव्हा त्यांनी ते नाकारलं. आपली भूमिका दुय्यम नाही, ती पारोच्या बरोबरीची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पडद्यावरच्या चंद्रमुखीच्या वतीनं कोणीतरी उभं राहिलं, असं मी याकडे बघतो. भन्साळींनी पुढे दोघींना एकत्र नाचवलं. माधुरी दीक्षितची चंद्रमुखी फार उमदी आहे. मात्र अखेरीला पारो धावतेच, तिचा लांबलचक पदर मागे लोळत जातो, आणि वाड्याचा दरवाजा तिच्या तोंडावर बंद होतो.

आता ‘देव डी’.

इथला देव, म्हणजे अभय देओल, पंजाबातल्या बड्या घरचा. लहानपणीच लंडनला पाठवलेला. पारो ही वडिलांच्या मॅनेजरची मुलगी. माही गिलनं तिचं काम केलं आहे. दोघं मोठी होतात ती फोनवर आणि इंटरनेटवर. देव परत येतो. मग एक दिवस पारो घरातली गादी गुंडाळते, सायकलला बांधते आणि शेताकडे निघते. दोन्ही बाजूंना उभं पीक, मधून कच्ची वाट, सायकलवर ती गादी आणि पॅडल मारणारी ही मुलगी.

हा चित्रपट मी पुण्यात थिएटरमध्ये पाहिला, भरलेल्या खेळाला. गादी दिसताच प्रेक्षकांत हशा पिकला, शिट्ट्या झाल्या. मुलगी स्वतःहून निघाली आहे, तिला हवं आहे, हे आपल्याकडे हसण्यावारीच न्यायचं असतं. तोवर इकडे देवच्या कानावर कोणीतरी तिच्याबद्दल वेडंवाकडं घातलेलं असतं आणि त्यानं ते खरं मानलेलं असतं. शेतात तो तिला झिडकारतो. पारो गादी पुन्हा सायकलला लावून तीच वाट उलटी चालायला लागते. मघाशी हसलेलं थिएटर आता चिडीचूप होतं. माझ्या पुढच्या रांगेत कॉलेजातली मुलं बसली होती; त्यातला सर्वांत मोठ्यानं शिट्टी मारणारा मुलगा खाली मान घालून बसला होता. घरी आल्यावर पारो हातपंपाचा दांडा धरते आणि सगळा संताप त्या दांड्यावर काढते. ती रडत नाही.

सायकलवरची ही पारो मला कादंबरीतल्या मध्यरात्रीच्या पार्वतीची खरी वारसदार वाटते. शरदबाबूंनी दिलेलं ते धाडस मधल्या चित्रपटांत लाजेनं, दिव्यांनी आणि नाजूक गाण्यांनी झाकलं गेलं होतं. कश्यप आणि त्यांचे सहलेखक विक्रमादित्य मोटवाने यांनी ते मोकळं केलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्यांनी केली. कादंबरीत दोघांच्या आड कुळाचा मान येतो. इथे जो घाव बसतो तो देवच्या संशयाचा. मुलगी इच्छा बोलून दाखवते म्हणजे ती इतरांनाही उपलब्ध असणार, हा त्याचा हिशेब. लंडनमध्ये वाढलेला, स्वतः वाटेल तसं वागणारा तरुण मुलीच्या बाबतीत मात्र जुन्या जमीनदारासारखा विचार करतो. चित्रपट हे कुठेही बोलून दाखवत नाही. आपण ते पाहतो.

पारोचं लग्न होतं. वऱ्हाडात एल्विस प्रेस्लीच्या थाटात सजलेले दोन गायक ठेका धरतात, आणि देव पीत राहतो. अमित त्रिवेदींनी या चित्रपटासाठी अठरा गाणी केली आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या लग्नातल्या गाण्यात विरहाची सगळी प्रतिष्ठाच बँडवाल्यांच्या हाती दिलेली आहे, आणि ती तिथे शोभते.

मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी मी एवढी प्रस्तावना केली. देव पहाडगंजातल्या एका कळकट लॉजमध्ये पडून आहे. राजीव रवी यांच्या कॅमेऱ्यानं हा सगळा भाग निऑनच्या लाल-हिरव्या उजेडात असा टिपला आहे की भिंतींनाही नशा चढल्यासारखी वाटते. तिथे पारो त्याला भेटायला येते, लग्न झालेली पारो. ती खोली आवरते. त्याचे कपडे धुते. आजवर पाहिलेले सगळे ‘देवदास’ डोक्यात असलेला प्रेक्षक आता वाट पाहतो की ही रडेल, त्याला दारू सोडायची शपथ घालेल, आपला संसार कसा पोकळ आहे ते सांगेल. तसं काहीच होत नाही. देव तिला जवळ ओढू पाहतो. ती नकार देते. तिचा संसार नीट चालला आहे. नवरा वयानं मोठा असेल, पण ती त्याच्याकडे सुखानं राहते आहे. धुणं झाल्यावर ती आपल्या घरी जाते.

बिमल रॉय, भन्साळी, स्वतः शरदबाबू, सगळ्यांनी पारोला त्या वाड्याच्या आत कोंडून ठेवलं आणि देवदासला दाराबाहेर मारलं. इथे दार तिच्या हातात आहे. ती येते, बघते आणि आपल्या पायांनी निघून जाते. शेवटच्या पानावर जिची खबर घ्यावीशी वाटली नव्हती, तिची खबर नव्वदहून अधिक वर्षांनी कळली: ती ठीक आहे. काहींना ही पारो कोरडी वाटते. माझं मत अगदी उलट आहे. ज्यानं आपला अपमान केला त्याचे कपडे धुऊन देणं आणि त्याच्यासाठी आपलं आयुष्य मात्र न देणं, याला फार मोठं काळीज लागतं.

आता या चित्रपटातल्या चंद्रमुखीबद्दल, म्हणजे चंदाबद्दल, बोलायला हवं. तिचं काम करणाऱ्या कल्की केक्लां यांचा हा पहिला चित्रपट. आधी ती असते शाळेत जाणारी लेनी. तिच्या मित्रानं तिची खासगी चित्रफीत काढली आणि ती मोबाइलवरून सगळीकडे पसरली. 2004 साली दिल्लीत असं एक प्रकरण घडलं होतं, त्याची सावली या कथेवर आहे. वडील आत्महत्या करतात, घर तिला थारा देत नाही आणि ती पहाडगंजात येऊन पोचते. दिवसा शिकते, रात्री धंदा करते. स्वतःसाठी नाव निवडायची वेळ येते तेव्हा टीव्हीवर भन्साळींचा ‘देवदास’ लागलेला असतो. माधुरीला बघून ती चंदा होते. शरदबाबूंच्या चंद्रमुखीला भूतकाळच नाही, ती थेट कोठ्यावर अवतरते. कश्यपनी तिला आई-वडील दिले, शाळेचा गणवेश दिला, आणि तिला तिथवर कोणी पोचवलं ते दाखवलं. ज्यांनी ती फीत चवीनं पाहिली त्यांनीच मग मला नावं ठेवली, असं ती देवला सांगते तेव्हा तिच्या आवाजात याचना नसते.

आणि देव मरत नाही. शेवटी तो चंदाकडे परततो आणि दोघं बरोबर राहतात. जुन्या रसिकांचा खरा राग यावर होता. देवदास मेलाच पाहिजे, नाहीतर तो देवदास कसला? सरांच्या पिढीतल्या कित्येकांनी मला हे ऐकवलं आहे.

त्यांना मी एक आठवण करून देतो, आणि ती आपल्या घरची आहे. देवदासनं मरण्याला पहिली जोरदार हरकत घेतली ती पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीत. 1939 साली व्ही. शांताराम यांनी ‘माणूस’ काढला, हिंदीत ‘आदमी’. बरुआंच्या ‘देवदास’नं देशभरच्या तरुणांना हताशपणाची जी गोडी लावली होती, तिला उत्तर म्हणून. गणपत हा साधा पोलीस शिपाई. जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडतो तेव्हा त्याला मैना भेटते. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. तो तिच्या प्रेमात पडतो, तिला आपल्या आईकडे घेऊन जातो, लग्न करू पाहतो. समाजाचा हिशेब मैनेला त्याच्यापेक्षा अधिक कळतो. ती मागे सरते. पुढे तिच्या हातून मामाचा खून होतो आणि ती तुरुंगात जाते. गणपत कोलमडतो, पण पुन्हा उभा राहतो, कामावर रुजू होतो. जगायचं असतं, प्रेम गेलं तरी जगायचं असतं, हे शांतारामबापूंनी 1939 साली ठणकावून सांगितलं. मराठी सिनेमाचा मला वाटणारा अभिमान ज्या थोड्या चित्रपटांवर उभा आहे त्यांत ‘माणूस’ फार वर आहे.

तरीही सरांचा प्रश्न इथेही विचारायलाच हवा. बदललं ते कोणाच्या बाजूनं? गणपतच्या. तो जगला. त्याला जगवायची किंमत मैनेनं तुरुंगात जाऊन मोजली. पुरुषाला दुःखातून बाहेर काढायचं तर बाईला कथेतून बाहेर काढावं लागतं, हा नियम शांतारामबापूंनाही मोडता आला नाही. ‘देव डी’ तो मोडतो. पारो तिच्या घरी आहे, चंदा तिच्या पायावर उभी आहे, आणि दोघींपैकी कोणालाही शिक्षा झालेली नाही. म्हणून मी या चित्रपटाला ‘देवदास’ची विटंबना मानत नाही. ‘माणूस’नं सुरू केलेला वाद त्यानं पुढे नेला आहे.

एक गोष्ट मात्र मला या चित्रपटात मान्य नाही, आणि ती लपवली तर हे व्याख्यान एकतर्फी होईल. नशेत गाडी चालवताना देवच्या हातून रस्त्यावरची माणसं चिरडली जातात. आपल्या महानगरांत घडलेल्या खऱ्या घटना यामागे आहेत. चित्रपट ही घटना देवच्या घसरणीची एक पायरी म्हणून वापरतो. मेलेल्यांना चेहरे नाहीत, नावं नाहीत, त्यांच्या घरी कॅमेरा जात नाही. ज्या चित्रपटानं चंदाच्या घरापर्यंत जाऊन तिची कहाणी शोधली, त्याला या माणसांपर्यंत जावंसं वाटलं नाही. पार्वतीबाबत शरदबाबूंकडून जे झालं, तेच इथे या मृतांबाबत झालं आहे: त्यांची खबर घ्यायची राहून गेली आहे. देवला दुसरी संधी मिळाली याचा मला आनंद आहे. ती इतक्या स्वस्तात मिळाली याचा मला त्रास होतो.

2018 साली सुधीर मिश्रांनी ‘दास देव’मध्ये हीच कथा उत्तर भारताच्या राजकारणात नेली. तिथे देवची नशा सत्तेची आहे, आणि सत्तेपायी माणसं मारली जातात हे तो चित्रपट विसरत नाही. पण तो कटकारस्थानांत इतका गुंततो की पारो हातातून निसटते. एकाच चित्रपटात सगळ्यांची विचारपूस होईल, असा ‘देवदास’ अजून यायचा आहे आणि तो येईल अशी माझी खात्री आहे. कारण या गोष्टीत अजून पुष्कळ माणसं अशी आहेत ज्यांच्याकडे कोणी वळून पाहिलेलं नाही. हातीपोत्याच्या वाड्यात पार्वतीचा नवरा भुवन चौधुरी आहे, आणि त्याची सासरहून आलेली मुलगी आहे, जिला पार्वतीनं आपले सगळे दागिने देऊन टाकले. त्या मुलीच्या डोळ्यांनी ही कथा सांगितली तर?

आयोजकांना माझी एक विनंती आहे. या सभागृहात आता चांगला प्रोजेक्टर आहे. सरांच्या वेळी हातानं चालवायच्या यंत्रावर रिळं बदलेपर्यंत अंधारात बसून राहावं लागे. येत्या पावसाळ्यात एका शनिवारी ‘माणूस’ आणि दुसऱ्या दिवशी रविवारी ‘देव डी’ असे दोन्ही चित्रपट इथे दाखवा. ‘देव डी’ प्रौढांसाठीचा आहे, तेव्हा अठरा वर्षांवरच्या मुलामुलींना मुद्दाम बोलवा, आणि खेळ संपल्यावर दिवे लावून आधी मुलींना बोलू द्या.